आतलं हँडल

गॅरेजमध्ये सगळे त्याला मूळपुरुष म्हणत. जुन्या गाडीत एक स्क्रू जरी बाहेरचा दिसला, तरी याच्या घशाखाली घास उतरत नसे. सध्या तर दिवंगत वडिलांचीच गाडी कामाला घेतली होती. आईची नजर झपाट्याने मंदावत होती. दिसतंय तोवर त्या गाडीतून एक फेरी मारायची, एवढंच तिचं मागणं होतं. अट मात्र घातली होती. मागची दारं मुळात होती तशीच हवीत. का, ते तिने सांगितलं नाही.

गाडी बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता, पण त्याचं दप्तर एका गोदामात शिल्लक होतं. तिथल्या बाईंनी धूळ झटकून या गाडीचं कार्ड काढून दिलं. सुट्या भागांचे नंबर बिनचूक जुळत गेले, आणि मग एका ओळीवर त्याचं बोट अडलं. मागचं डावं दार, आतून हँडल नाही, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून. गिऱ्हाईक म्हणजे वडील. आतून उघडणार नाही असं दार कोण मागून घेतं? बाई म्हणाल्या, असल्या गोष्टींची कारणं कारखाना विचारत नसे.

त्याला काही ते बरं वाटलं नाही. पण मूळ म्हणजे मूळ. घरी येऊन तो बॉनेटसमोर उभा राहिला, डावीकडचं मागचं दार उघडलं आणि गेल्याच आठवड्यात स्वतः बसवलेलं आतलं हँडल काढून टाकलं.

आईला पुढे बसायचं होतं, पण त्याच्या शेजारच्या सीटची गादी अजून भरून आली नव्हती. मागे बसताना ती घुटमळली.

“दारं तशीच आहेत ना रे?”

“तुझी शपथ, आई.”

हँडल काढलेल्या दाराला खेटून ती बसली. बायकोने फाटकातून हात हलवला आणि ती घरात गेली.

कोपऱ्यावर डावीकडे वळताना त्याला एकदम आठवलं. गाडीचं डावं-उजवं मोजायचं ते चालकाच्या सीटवर बसून. गॅरेजात पाऊल टाकणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आणि हँडल काढताना तो उभा होता गाडीकडे तोंड करून; निघालं होतं ते उजव्या दाराचं.

त्याने ब्रेक दाबला.

मागे खट् झालं.

आरशात आईच्या पलीकडचं डावं दार सावकाश उघडताना दिसलं. आई अंग चोरून बसली होती. तिच्या शेजारची रिकामी गादी दबलेली होती. ती हळूहळू वर आली.

“गाडी वळव,” आई म्हणाली. “सूनबाई घरी एकटी आहे.”