वळणापर्यंतची गंमत

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी कुणाच्या गळी उतरवायला बसलेली नाही. पण गाडी मी चालवत होते आणि आरसा माझ्यासमोर होता. तेव्हा "तुला भास झाला असेल" हे निदान तुम्ही तरी म्हणू नका. आमच्या घरात ते म्हणून झालंय.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. तळ्याच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं एक दगडी घर आहे. तिथली.

रात्र नव्हती. दिवे गेले नव्हते. लख्ख दुपार होती आणि मी डिकीत बॅगा कोंबत होते.

पण आधी माझ्या सासरच्या माणसांबद्दल सांगायला हवं.

थोरली सून म्हणून मी या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की यांच्याकडे पाहुण्याला चहा मिळायच्या आधी सहलीच्या आठवणी मिळतात. मुलं लहान असताना दर सुट्टीत हे चौघं त्याच दगडी घरात जायचे. सासरे, सासूबाई, आमचे हे आणि माझी धाकटी नणंद. सासरे होडीतून उतरताना तळ्यात कसे पडले, सासूबाईंनी पावाचा कोळसा कसा केला... मी ते इतक्यांदा ऐकलंय, की कधीकधी वाटतं मीही तिथे होते.

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांची लाडकी आठवण. चष्म्याची.

नणंदेला घरात शेपूट म्हणतात. शेंडेफळ, कायम सगळ्यांच्या मागे, म्हणून शेपूट. नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं. सुट्टी संपली, सगळे गाडीत बसले, की सासरे कपाळावर हात मारायचे.

"शेपटे, माझा चष्मा राहिला बघ वरच्या खिडकीत. पळ, आण."

ती पळायची.

चष्मा त्यांच्या खिशात असायचा.

ती आत गेली की गाडी सुरू. घरापासून फाटकापर्यंत खडीचा रस्ता आहे, मध्ये एक वळण. त्या वळणापर्यंत गाडी न्यायची. मग ही बाहेर यायची आणि दोन्ही हात वर करून, अनवाणी, खडीवरून धावत सुटायची. "बाबा, थांबा ना! बाबा!" तिचं ते धडपडणं, ते नाक पुसणं बघून गाडीतले पोट धरून हसायचे. मग दार उघडायचं, हातात एक गोळी द्यायची. झालं.

दर वर्षी.

आणि दर वर्षी ती फसायची. "इतकी कशी गं बावळट होतीस?" आमचे हे अजून विचारतात.

ती हसते. सगळे हसायला लागले की मग, जरा मागून.

एका वर्षी सासऱ्यांच्या मनात आलं, बघू तरी किती धावते. गाडी वळणाशी थांबवलीच नाही. फाटकाबाहेर काढली, खालच्या रस्त्यावरच्या टपरीवर नेली. सगळ्यांनी निवांत चहा घेतला. मग परत आले.

शेपूट पायरीवर बसली होती.

रडत नव्हती. धापा नाहीत. केस नीट विंचरलेले...

गाडी थांबली तशी उठली, दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "निघायचं?"

"तेव्हापासून शहाणी झाली!" सासरे मांडीवर थाप मारून सांगायचे. "पुन्हा म्हणून रडली नाही."

इथे सगळे हसायचे, आणि सासूबाई उठून स्वयंपाकघरात जायच्या.

लेकीचं त्यांनी सगळं केलं. शिक्षण, लग्न, बाळंतपण, कशात कमी नाही. पण तिला जवळ घेतलेलं मी एकदाही पाहिलं नाही. शेवटच्या आजारपणात मी त्यांचे पाय चेपत होते, तेव्हा मध्येच म्हणाल्या...

"तिच्या तळव्यांना साधा ओरखडा नव्हता गं."

"कुणाच्या, आई?"

"माझी पोर खडीवरून धावायची. दर वर्षी घरी आलो की मी तिच्या पायांना औषध लावायचे. त्या वर्षी लावायला काही नव्हतंच."

मला वाटलं, तापात बोलताहेत. मी पांघरूण सारखं केलं.

सासूबाई गेल्या. मग सासरे विसरायला लागले. सकाळचा नाश्ता दुपारी आठवेना, पण ते दगडी घर बरोब्बर आठवायचं. "एकदा तिथे न्या रे मला," हा एकच धोशा.

शेपूट त्या घरी लग्नानंतर कधी गेली नव्हती. दर वेळी काहीतरी कारण काढायची. या खेपेला तिचा नवरा नि मुलं आपापल्या कामात, म्हणून तिला एकटीलाच विचारलं. तिने उलट मलाच विचारलं.

"तू आहेस ना? मग येते, वहिनी."

चाळिशी उलटल्यावर मी आपली आपण गाडी शिकले. तेव्हा जिवावर उदार होऊन शेजारी बसणारी ही एकटीच. नवरा फुटपाथवर उभा राहून सूचना द्यायचा. सासरच्या नात्यांत माझं म्हणावं असं एकच माणूस मला मिळालं, ते हे.

तर आम्ही गेलो.

पहिल्या सकाळी दूधवाल्याची गाडी आली. मी पातेलं घेऊन दारात उभी. दूध घातलं, गाडी वळली, निघाली.

आणि मागोमाग...

चप... चप... चप...

खडीवर अनवाणी पावलं. छोटी. जीव खाऊन पळणारी.

रस्ता रिकामा होता.

गाडी वळणाआड गेली. पावलं थांबली.

मग तीच पावलं परत आली. चालत. अगदी सावकाश... माझ्यासमोरून गेली, पायऱ्यांशी आली आणि तिथेच संपली. त्यानंतर बराच वेळ एक पाखरूसुद्धा ओरडलं नाही.

घर सांभाळणारी बाई अंगण झाडत होती. तिचा झाडू काही थांबला नाही.

"ऐकलंत वाटतं," ती म्हणाली. "गाडी निघाली की होतं तसं. कुणाला काही करत नाही ते."

"ते म्हणजे काय?"

"मी काय विचारायला गेले? येणाऱ्या गाडीकडे ढुंकून बघत नाही. जाणारीच्या मागे लागतं. माझी सासू इथे कामाला होती, तेव्हापासूनचं आहे. कुणाचं तरी राहिलेलं असणार."

"राहिलेलं?"

"अहो, माणसं काय वाट्टेल ते विसरून जातात इथे. छत्र्या काय, टॉवेल काय..."

आणि ती खुदकन हसली.

त्या संध्याकाळी मी आणि शेपूट पायरीवर चहा पीत बसलो होतो. आत सासरे आमच्या ह्यांना होडीची गोष्ट सांगत होते.

"वहिनी, एक सांगू? मला यातलं काही आठवत नाही."

"कशातलं?"

"होडी. चष्मा. धावणं. तुम्ही हसता म्हणून मी हसते."

"लहान होतीस गं."

"शाळेत जात होते मी. शाळेत जाणाऱ्या मुलीला काहीतरी आठवेल की नाही?" तिने कप खाली ठेवला. "मला सगळ्यात पहिलं आठवतं ते इथलं. या पायरीवरचं. मी बसलेय... समोरून एक गाडी येतेय. आत माणसं आहेत. मला वाटलं, बरी दिसताहेत. जावं यांच्याबरोबर."

माझ्या हातातला चहा गार होत होता.

"थट्टा करतेयस ना?"

"हो," ती म्हणाली.

फार वेळाने म्हणाली.

निघायचा दिवस उजाडला. तोवर आमची गाडी फाटकाबाहेर गेलीच नव्हती. तसं मीच होऊ दिलं नव्हतं. "इथलंच तळं बघू, लांब कशाला जायचं?" असं म्हणत राहिले.

पण घरी तर जायलाच हवं होतं.

सासरे माझ्या शेजारी. मागे आमचे हे आणि शेपूट. मी चावी फिरवणार, एवढ्यात सासऱ्यांनी कपाळावर हात मारला.

"शेपटे, माझा चष्मा राहिला बघ. पळ, आण."

चष्मा नाकावर होता.

आमचे हे फिस्सकन हसले. "घ्या! बाबा रंगात आले. जा गं, जा, वळणाशी थांबतो आम्ही."

"पुरे, दादा." हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "वहिनी, तू निघ."

मी निघाले.

काही नाही. नुसता टायरखालच्या खडीचा आवाज. मी श्वास सोडला आणि...

चप... चप... चप...

"आरशात बघू नकोस," शेपूट म्हणाली.

म्हणजे मी बघितलंच.

एक मुलगी. फिकट फ्रॉक, दोन्ही हात वर. वाऱ्याने केस तोंडावर आलेले आणि तोंड एवढं मोठं उघडलेलं.

"बाबा... थांबा ना... बाबा..."

सासरे वळले. आधी त्यांचा चेहरा उजळला. आपली लाडकी गंमत ओळखीची वाटली असेल. मग हळूहळू तो चेहरा पांढरा पडत गेला.

"थांबव," ते म्हणाले. "अगं थांबव! पोरगी राहिली!"

"बाबा, शेपूट गाडीतच आहे," हे म्हणाले. यांना काही ऐकू आलं नव्हतं, असं ते अजून छातीठोकपणे सांगतात. पण तेव्हा त्यांनी आपल्या बाजूची काच घाईघाईने वर केली. ते मी पाहिलंय.

सासऱ्यांनी मागच्या सीटवर बसलेल्या, केस पिकलेल्या बाईकडे नीट पाहिलं.

"ही कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"ही कोण बसलीये तिच्या जागेवर? उतर. उतर गं तू!"

"बाबा, मी..." तिने त्यांच्या खांद्याला हात लावला.

त्यांनी मांडीवरची काठी उचलली आणि त्या हातावर मारली. पुन्हा मारली. गाडीत जागा कमी, त्यामुळे काठी नीट फिरत नव्हती, तरी मारत राहिले. तिने हात मागे घेतला नाही. मारून मारून ते दमेपर्यंत तो तिथेच ठेवला.

वळण आलं.

माझा पाय ब्रेकवर होता. दाबला नव्हता. नुसता ठेवला होता.

"थांबव!" सासरे रडत होते. "आपली पोर आहे ती!"

माझ्या खांद्यावर मागून एक हात आला. भुताच्या गोष्टीत असतो तसा बर्फासारखा वगैरे नव्हता. घामट, गरम, वळ उठलेला. माझ्या ओळखीचा हात.

"वहिनी," ती माझ्या कानाशी म्हणाली, "तिला आत घेतलंस, तर मी कुठे बसू?"

तेवढ्यात मागे खडी घसरल्याचा आवाज आला...

मुलगी पडली होती. गुडघ्यांवर, दोन्ही हात पुढे. तिने मान वर केली आणि एकदाच ओरडली.

मी पाय ब्रेकवरून काढला आणि वेग वाढवला.

फाटकाबाहेर आल्यावर मागे काहीच नव्हतं. घरी पोहोचेपर्यंत सासरे काचेवर मुठी आपटत होते. शेपूट डोळे मिटून बसली होती. आमचे हे मोबाइलवर गाणी शोधत होते.

त्यानंतर आमच्याकडे पाहुण्यांना सहलीच्या आठवणी मिळत नाहीत. फक्त चहा मिळतो.

सासरे पुढे फार दिवस राहिले नाहीत. शेपूट रोज यायची, त्यांना भरवायची. तिच्या हातचा घास ते तिच्याच अंगावर थुंकायचे. ती पदराने त्यांचं तोंड पुसायची आणि पुढचा घास करायची. "ही बाई अजून गेली नाही?" ते तिच्यादेखत मला विचारायचे. मी "जाईल हं" म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

एकदा आम्ही दोघंच असताना त्यांनी माझं मनगट धरलं. नजर अगदी स्वच्छ होती.

"गाडी तू चालवत होतीस ना? एवढंच सांग. लागलं का गं तिला?"

"नाही बाबा. ती वळणाशी थांबली आणि परत गेली."

"रडत होती?"

"नाही."

"शहाणी झाली," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्यांच्याशी खोटं बोलले याचं मला काही वाटत नाही. मी योग्य केलं की अयोग्य, हेही मी आता स्वतःला विचारत नाही. मी गाडी शिकताना माझ्या शेजारी जीव मुठीत धरून बसलेली बाई मला माहीत होती. खडीवरची मुलगी माहीत नव्हती. एवढा साधा हिशेब होता.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही.

ती मुलगी पडल्यावर जे ओरडली, ते बाबांना उद्देशून नव्हतं. आईला नाही, दादालाही नाही. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा ती तिथे मागे राहिल्याला कितीतरी वर्षं उलटून गेली होती. तिने मला कधी पाहिलेलं नाही. मी तिची कोण, हे तिला सांगायलाही कुणी नव्हतं.

तरी तिने आरशात थेट माझ्याकडे पाहिलं, आणि...

"वहिनी, तू तरी थांब ना!"

मागच्या सीटवर शेपटीनेही ते ऐकलं असावं. ती अजून दर रविवारी येते, माझ्याशी सगळं बोलते, जाताना मिठी मारते. पण त्या दुपारनंतर तिने मला एकदाही वहिनी म्हणून हाक मारलेली नाही.