त्याचं खरं उत्तर

दार काही केल्या उघडेना. छावणीच्या दवाखान्यात रुजू होऊन तास झाला नव्हता आणि नव्या डॉक्टरीणबाई आपल्याच खोलीत अडकल्या होत्या! बाहेर पावसाची झड लागलेली, लाकूड फुगून चौकटीत गच्च बसलेलं. तिने आधी खांदा लावला, मग सरळ लाथच घातली.

"ढकलू नका," बाहेरून आवाज आला. "जरा वर उचला... आणि रागावू नका त्याच्यावर."

दार उघडलं. समोर एक भिजलेला अधिकारी गालातल्या गालात हसत उभा.

"लाथ ऐकू आली?"

"अख्ख्या व्हरांड्याला."

तोच तिचा पहिला पेशंट निघाला. पेशंट आपलं म्हणायचं, त्याला काही धाड भरली नव्हती. जमिनीखालच्या ज्या खोलीतून अण्वस्त्र डागायचं, तिथे दोन माणसं बसत. दोघांनी आपापली किल्ली एकदम फिरवली तरच ते सुटणार. त्या दोघांतला हा एक. अशांचं मन ठिकाणावर आहे ना, हे दर महिन्याला तपासायचं तिचं काम. शेवटचा प्रश्न ठरलेला होता.

"आदेश आला तर किल्ली फिरवाल?"

"हो."

पुढच्या महिन्यात तो म्हणाला, "हो. आणि तुम्ही चहाला याल?"

"प्रश्न मी विचारायचे असतात."

"मग विचारा ना... मी लगेच येईन."

ती हसली आणि फसली. छत्री एकच असे. ती सगळी तिच्याकडे कलती धरून तो स्वतः भिजायचा आणि वर शिंकायचाही.

मग युद्ध सुरू झालं. तिचा धाकटा भाऊ आघाडीवर गेला. आई रोज रेडिओसमोर बसून म्हणायची, "एकदाच टाका म्हणावं तो बॉम्ब आणि संपवा. पोरं घरी तरी येतील."

दवाखान्यामागच्या बाकावर बसून तिने हे त्याला सांगितलं. त्याने तिचा हात हातात घेतला.

"लग्न करशील माझ्याशी?"

"आत्ता? अशा वेळी?"

"अशाच वेळी. पण आधी ऐक... मी किल्ली फिरवणार नाही."

तिने हात सोडवून घेतला. "दर महिन्याला हो म्हणतोस!"

"सुरुवातीला ते खरं होतं."

"आणि माझा भाऊ? रोज आपली पोरं मरतायत, त्यांचं पाप कुणाच्या माथी?"

"माझ्या. नाही म्हणत नाही मी. पण ज्या शहरावर ते पडेल, तिथे लढणारे असे कितीसे असतील? बाकीची माणसं पोळ्या लाटतायत, पोरांची वेणीफणी करतायत..."

"भाषण नको देऊस."

"नाही देत. हा हिशोब मलाही सुटत नाही गं. एवढंच कळतं, की माझ्या हाताने नाही."

"मग सांगून टाक वर. मोकळा होशील!"

"मी होईन मोकळा. पण माझ्या जागी दुसरा बसेल... आणि त्याचा 'हो' खरा असेल."

ती रागाने रडायलाच लागली. "मेल्या, मग मला तरी कशाला सांगितलंस?"

"तुझ्याशी खोटं बोलून संसार मांडायचा नव्हता."

तिने त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नाला होकार दिला तो असा.

आठवडा संपायच्या आत किल्लीवाल्या सगळ्यांना जमिनीखाली पाठवायचं ठरलं. शेवटच्या तपासणीला मोठे साहेब स्वतः येऊन बसले. त्याला पाठवायला तिने 'नाही' म्हटलं असतं, तर तो संध्याकाळी तिच्यापाशी असता. कदाचित भाऊही घरी आला असता. तिचं म्हणून जे जे होतं, ते सगळं त्या एका शब्दात होतं. दुसऱ्या बाजूला होती ती माणसं, ज्यांची तोंडंही तिने कधी पाहिली नव्हती.

"आदेश आला तर किल्ली फिरवाल?"

"हो," तो तिच्याकडे बघत म्हणाला.

"तुमचं मत, डॉक्टर?" साहेबांनी विचारलं.

तिने कागदावर सही केली. "योग्य आहेत... पाठवा."

तो उठला. दारापाशी थांबून हलकेच म्हणाला, "येतो."

आदेश आला. एक किल्ली फिरली नाही. दुसरा माणूस आणून बसवेपर्यंत वाटाघाटींची बोलणी निघाली आणि आदेश मागे घेतला गेला. पण लढाई लगेच थांबली नाही, रेंगाळली. त्या रेंगाळण्यातच धाकटा गेला.

तह झाल्यावर पेपरात छापून आलं, की एका अधिकाऱ्याने ऐनवेळी नकार दिला, तो कैदेत आहे. नाव नव्हतं.

आईने पेपर भिरकावला. "कोण गं तो मेला? हात झडले होते त्याचे? तेव्हाच संपलं असतं सगळं... माझं पोर आज घरात असतं!"

ती आईच्या पायाशी बसली, मांडीवर डोकं ठेवलं. सवयीने आईचा हात तिच्या केसांतून फिरू लागला.

"आई..."

"काय गं?"

"तो माझा माणूस आहे. लग्न करीन तर त्याच्याशीच. आणि तो फिरवणार नाही, हे मला ठाऊक होतं... ठाऊक असून मीच त्याला खाली पाठवलं."

आईचा हात थांबला. मान वर करून तिच्याकडे बघण्याचा धीर मुलीला झाला नाही. पण आईने तो हात काढूनही घेतला नाही, आणि त्याच्याखाली ती भावासाठी आणि कैदेतल्या त्याच्यासाठी एकदमच रडली.