बंद पेटीतली हवा

चंद्राच्या पोटात, कधीकाळी लाव्हा वाहून गेलेल्या बोगद्यात ‘शिलागर्भ’ वसाहत वसली होती. तिथल्या भिंतींत बसवलेले पापुद्र्यासारखे स्पीकर सूचना स्पष्ट ऐकवत. पण त्यांवर तबला लावला की डग्गा गायबच. रेवती ताम्हनकरच्या सासऱ्यांना, आप्पांना, ते सहन होत नसे. त्यांनी जन्मभर तबला वाजवला होता. संधिवातानं बोटं आखडल्यावर आता ऐकणं तेवढं हातात उरलं होतं.

रेवती चांद्रकंपांची अभ्यासक होती, कंपनं मोजणं हा तिचा धंदाच. तिनं आप्पांसाठी घरीच स्पीकर बांधायला घेतला: एक पेटी आणि तिच्या तोंडाशी थरथरून आवाज काढणारा शंकू, म्हणजे ड्रायव्हर.

“एकच ड्रायव्हर?” तिच्या नवऱ्यानं, श्रीरंगनं विचारलं. तो वसाहतीचा वायुप्रमुख होता. “खर्जाला एक, तारसप्तकाला एक, असे दोन घालतात ना?”

“मग आवाज दोन ठिकाणांहून येतो आणि जोडावर फाटतो. हा सर्वस्वरी आहे, कागदी शंकूचा. सगळे स्वर एकाच तोंडून. खर्जात दुबळा असतो, ते खरं. ती उणीव पेटीनं भरून काढायची.”

पेट्या तिनं दोन केल्या. एक बंद. तिच्यात कोंडलेली हवा शंकूच्या पाठीमागे स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि तो एका ठरावीक स्वरावर सगळ्यांत जास्त घुमतो. मुद्दाम तिनं अगदी सैल कडेचा ड्रायव्हर निवडला होता, म्हणजे ताण जवळपास सगळा हवेचाच. पेटीला सुईएवढं छिद्र ठेवलं, आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून. दुसरी पेटी नळीची. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती जशी वाजते, तशी ती नळीतून श्वास घेत घुमे.

आप्पांनी दोन्ही ऐकल्या आणि बंद पेटीवर बोट ठेवलं. “नळीवाली बोलघेवडी आहे गं. ही बघ, गंधारावर कशी भरते!”

नळीची पेटी कोपऱ्यात गेली. रेवतीनं तिच्यावर पुदिन्याची कुंडी ठेवली.

पुढच्या काही महिन्यांत वसाहतीत चांद्रधुळीच्या दम्याची साथ आली. निदान डॉक्टरांनी तसं नाव दिलं. लोकांना धाप लागे, डोकं जड होई, झोप उडे. बोटाला लावायची यंत्रं सगळ्यांच्याच रक्तात प्राणवायू कमी दाखवत; धूळ फुप्फुसांत बसली आहे, असं डॉक्टर म्हणत. लोक विसरभोळे झाले होते आणि भलत्या वेळी हसत होते. रेवतीला साध्या बेरजा दोनदा कराव्या लागत.

आप्पांची तक्रार वेगळीच होती. “रेवती, पेटीचा घुमारा खाली सरकलाय.”

“कान थकले असतील, आप्पा,” श्रीरंग हसून म्हणाला.

रेवतीही तेच समजली. पंधरवड्यात आप्पा गेले. शेवटचे दोन दिवस ते बसूनच होते, आडवं झालं की श्वास पुरत नसे. वयाला धूळ झेपली नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं.

त्यांच्या माघारी एका सकाळी तिनं त्यांच्या आवडीचं वादन लावलं आणि हात तसाच थांबला. डग्ग्याची मींड गंधारावरून जाताना पूर्वी खोली भरून टाकायची. आता गंधार कोरडाच गेला आणि भराव आला तो पार षड्जावर. आप्पांचे कान थकले नव्हते.

तिनं यंत्र लावून मोजलं. पेटी बांधताना टिपलेल्या आकड्यापेक्षा घुमाऱ्याचा स्वर पाचव्या हिश्शानं उतरला होता. ड्रायव्हरची कड सैल पडली असेल म्हणून तिनं तो बाहेर काढून उघड्यावर मोजला. तो होता तसाच होता. सांधे तपासले, पेटी कुठे गळत नव्हती. म्हणजे उरली ती पेटीतली हवाच. स्प्रिंग मऊ झाली होती. आणि हवेची स्प्रिंग मऊ होते ती दाब उतरल्यावर.

भिंतीवरचा फलक मात्र दाब पूर्ण असल्याचं दाखवत होता.

श्रीरंग घरी आला तेव्हा तिनं त्याच्यापुढे आकडे ठेवले. त्यानं ते वाचले आणि खुर्चीत बसला.

“कुणाला सांगितलंस?”

“म्हणजे तुला ठाऊक आहे.”

“मागे झालेल्या मोठ्या चांद्रकंपात नायट्रोजनच्या साठ्याला तडा गेला. प्राणवायू आपण खडकातून काढतो, नायट्रोजन कुठून काढणार? वसाहतीतून रोज थोडी हवा झिरपते, ती भरून काढायला तोच उरलेला नाही. पुरवठ्याचं यान यायला अजून अवकाश आहे. इथे माणसं दोनशे आणि परतीच्या यानात जागा चाळीस. बातमी फुटली असती तर यानाच्या दारात मारामाऱ्या झाल्या असत्या. प्रशासकांनी गुप्त ठेवायला सांगितलं. दाबाच्या आकड्यात दुरुस्ती मी केली.”

“आणि लोक गुदमरताहेत!”

“गुदमरत नाहीयेत,” तो चिडून म्हणाला. “नायट्रोजन कमी झाला तर माणूस मरत नाही. प्राणवायू मी होता तेवढाच राखलाय. त्यात घट आली की झडप आपोआप उघडते. दमा धुळीचा आहे.”

रेवतीला त्याचं म्हणणं पटलं. हिशेब बरोबर होता. मग तिची नजर कोपऱ्यातल्या पुदिन्यावर गेली आणि ती उठली.

“काय करतेस?”

“नळीच्या पेटीला दाबाशी देणंघेणं नसतं,” ती कुंडी खाली ठेवत म्हणाली. “तिचा स्वर ठरतो हवेतल्या ध्वनीच्या वेगावर, आणि तो वेग हवेच्या मिश्रणावर. प्राणवायू नायट्रोजनहून जड. नायट्रोजन गेला आणि प्राणवायू तेवढाच राहिला, तर मिश्रणात त्याचा वाटा वाढणार. हवा जराशी जड होणार. हिचा स्वर शेकड्याला जवळपास एक इतका उतरायला हवा.”

खोलीचं तापमान पूर्वीइतकंच होतं. तिनं मोजलं. आपल्या डोक्यावर तिचा भरवसा उरला नव्हता, म्हणून पुन्हा मोजलं. स्वर तसूभरही हलला नव्हता.

“म्हणजे?” श्रीरंगनं विचारलं. एरवी त्याला हे विचारावं लागलं नसतं.

“मिश्रण बदललेलंच नाही. जितका नायट्रोजन घटलाय, तितक्याच प्रमाणात प्राणवायूही. श्रीरंग, तुझी झडप प्राणवायू मोजते कसा?”

“संवेदक हवेतला त्याचा वाटा मोजतो. शेकड्याला एकवीस. त्याला एकूण दाबानं गुणायचं…”

“कुठल्या दाबानं?”

उत्तर त्याच्या ओठांवर होतं, पण जुळत नव्हतं. शेवटी तिनंच सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. “तू दुरुस्त केलेल्या. एकवीस गुणिले खोटा पूर्ण दाब. गुणाकार रोज बरोबर येतो, म्हणून झडप उघडतच नाही.”

“नाही, तसं नसणार,” तो म्हणाला आणि हसला. ते हसू रेवतीनं ओळखलं. गेले कित्येक आठवडे वसाहतीत सगळे असेच हसत होते. “उद्या बघतो. खरंच बघतो. आज जरा डोकं…”

तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

वायुकक्ष दोन मजले खाली होता. इतक्या थोड्या गुरुत्वाकर्षणातही त्यांना जिन्यात बसावं लागलं. कक्षातल्या पहारेकऱ्यानं वायुप्रमुखाला पाहून दार उघडलं. प्राणवायूच्या झडपेची हातानं फिरवायची चावी लाल रंगाची होती. तिची अटक सोडवायची कळ कुठे, ते श्रीरंगला आठवेना. रेवतीनं चुकत-माकत ती शोधली आणि दोघांनी मिळून चावी फिरवली. जाळीतून प्राणवायूचा झोत सणसणत आला.

ते जाळीखाली जमिनीवर बसून राहिले. रेवतीला आधी रंग उजळ झाल्यासारखे वाटले. मग डोक्यातला भुसा कुणीतरी मूठमूठ काढून न्यावा तसं हलकं वाटू लागलं. शेजारी पहारेकरी पोटभर श्वास घेऊन म्हणाला, “साहेब, काय बरं वाटतंय हो!”

रेवती श्रीरंगकडे पाहत होती. त्याच्या नखांचा निळसरपणा ओसरत होता. चेहऱ्यावरचं ते मंद हसू अजून होतं. तो मनातल्या मनात काहीतरी मांडत असावा, ओठ हलत होते. वाटा, दाब, गुणाकार. एरवी क्षणात सुटणारं गणित एकेक पायरी चढत त्याच्यापर्यंत येत होतं आणि तिला ते थांबवता येत नव्हतं.

हसू गेलं. त्यानं तिच्याकडे मान वळवली. डोळे कित्येक महिन्यांनी स्वच्छ दिसत होते.

“आप्पांना धूळ लागलीच नव्हती,” तो म्हणाला.

रेवतीनं त्याचा हात घट्ट धरला. हात सोडवून घेऊन तो उठला आणि डोक्यातला तो भुसा परत हवा असल्यासारखा झडपेची चावी बंद करायला झेपावला.