चहाचं टिंब

"या पानांची नक्कल कुणी केली?"

आवाज चांगलाच तापलेला होता. पण माणूस पावसात भिजून आला होता, आणि पुढच्याच क्षणी त्याला अशी सणसणीत शिंक आली की सगळा रुबाब गेला.

"मी केली," खिडकीजवळच्या टेबलावरून ती म्हणाली. "आधी डोकं पुसा. पानांवर पाणी ठिबकतंय."

तो निमूट मागे सरकला. दुकान तिच्या मामांचं, वाद्यांचं. मागच्या बाजूला तिचं टेबल. वादक मंडळी कोंबडीचे पाय काढावेत तशी स्वरलिपी लिहून पाठवायची, आणि ती शाईने स्वच्छ उतरवून प्रत्येक वाद्याचं वेगळं पान करून द्यायची. याची पानं ती वर्षभर उतरवत होती, पण ती आणायला नेहमी त्याचा ड्रमवाला यायचा. अक्षरावरून तिने पन्नाशीचा, ढेरपोट्या गृहस्थ कल्पिला होता. हा तर तिशीचा निघाला. हातात सॅक्सोफोनची पेटी, कपाळावर चिकटलेले केस, आणि... दिसायला बरा होता. बराच बरा.

"हे टिंब बघा," त्याने पान पुढे केलं. "मी लिहिलेलंच नाही! काल तालमीत इथे मी सूर सोडला आणि बाकीचे सात जण धरून बसले. मी आपला भर रस्त्यात एकटा उभा!"

सुरापुढे टिंब दिलं की तो सूर दीडपट लांबतो. एवढी मोठी चूक आपण करू? तिने कपाटातून त्याचं मूळ पान काढलं. टिंब होतं. फक्त शाईपेक्षा जरा तपकिरी होतं. तिने पान नाकाशी नेलं.

"चहा," ती म्हणाली.

"...दोन चमचे साखर," तो खजील होऊन म्हणाला.

दोघंही हसली. मग तिचा चेहरा उतरला, कारण चूक तिचीही होती. टिंबामुळे मात्रा जमेनात, म्हणून तिने पुढचा विराम परस्पर कापून टाकला होता. श्वास घ्यायची जागाच खाऊन टाकली होती.

"चहा तुमचा, शहाणपणा माझा," ती म्हणाली. "बसा. सातही पानं नीट करून देते."

ती पात्याने टिंब खरवडत बसली. तो भिंतीवरच्या गिटारी बघत गुणगुणत होता. चाल त्याच्या घराण्याची होती. आजोबांपासून चालत आलेली. वडिलांनी ती बागेतल्या बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेटवर वाजवली होती. याने दोन वर्षांपूर्वी तिला जॅझचा ताल दिला, वळणं बदलली, आणि वडील भर कार्यक्रमातून उठून गेले. तेव्हापासून फोनवर फक्त हवापाणी आणि गुडघेदुखी.

"या रविवारी यायला तयार झालेत," तो म्हणाला. "म्हणाले, ताल बदल, साथ बदल, पण चालीतला एक सूर इकडचा तिकडे झाला तर मी उठेन. आणि या खेपेला उठले ना... तर परत नाही यायचे."

तिने शेवटचं टिंब जरा जास्तच काळजीने खरवडलं.

दुसऱ्या दिवशी तो हजर.

"टिंब परत घाला."

"का?"

"सगळ्यांना सवय झालीय. ड्रमवाला म्हणतो, त्या सुरावर अंगावर काटा येतो."

"आणि तुम्हाला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. "मलाही येतो," तो म्हणाला.

बुधवारी तो टिंब काढायला आला. गुरुवारी घालायला. शुक्रवारी पुन्हा काढायला. मामा वही बाजूला ठेवून म्हणाले, "अहो सॅक्सोफोनवाले, एकदाचं लग्न लावून द्या त्या टिंबाचं, म्हणजे एका जागी तरी राहील!" ती कानापर्यंत लाल झाली आणि शाईची बाटली शोधायला लागली. बाटली तिच्या हातातच होती.

खरं सांगायचं तर दार वाजलं की आता तिचा टाक आपोआप थांबायचा. दुपारी तीननंतर तिची एकही ओळ सरळ येत नसे. आणि रविवारनंतर? टिंब कुठेतरी कायमचं बसेल, मग याला इथे यायला कारण काय उरणार?

शनिवारी त्याने पानं टेबलावर ठेवली. त्या जागी आता टिंब नव्हतं आणि कागद सायीसारखा पातळ झाला होता.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "आता शाई लावली तर परत खरवडता यायची नाही. भोक पडेल. ठरवा."

"मला नाही ठरवता येत," तो हळूच म्हणाला. "तुम्ही लिहाल ते वाजवीन."

"वा! वडील तुमचे, चाल तुमची, आणि निर्णय माझा?"

"बाकी सगळे वाजवतात. तुम्ही... ऐकता."

तो गेल्यावर ती बराच वेळ टाक हातात धरून बसली. तिने ऐकलं होतं, हे खरं. पाच दिवस तो इथे गुणगुणत उभा होता, आणि त्या जागी आला की दर वेळी सूर लांबवायचा. टिंब काढायला आला तेव्हासुद्धा. त्याच्या ते गावीही नव्हतं. पण वडील उठले तर? तर घर तुटेल, आणि तो या दुकानाची पायरीही चढणार नाही. तिने सातही पानांवर टिंब दिलं.

रविवारी सकाळी अकराला वाचनालयाचं सभागृह भरलं. तिच्या शेजारी काठी घेऊन एक आजोबा बसले होते. चाल सुरू झाली आणि काठीच्या मुठीवर त्यांची बोटं आपोआप फिरू लागली, क्लॅरिनेटच्या कळांवर फिरावीत तशी. तिने ओळखलं. हेच त्याचे वडील.

तो सूर आला. सॅक्सोफोनने धरला... धरला... सोडलाच नाही. आजोबांची बोटं थबकली. ते उठून उभे राहिले.

"बसा ना... प्लीज," ती कुजबुजली. मागून कुणी ओरडलं, "अहो आजोबा, दिसत नाहीये!" पण ते ना बसले, ना गेले. चाल संपेपर्यंत तसेच उभे होते, आणि त्यांचे डोळे वाहत होते.

"माझे वडील इथे असंच धरायचे," टाळ्यांच्या गजरात ते तिला म्हणाले. "मला तेवढा दम नव्हता. मी सूर आखूड केला, आणि पोराला तोच शिकवला. वडील गेले तेव्हा हा दोन वर्षांचा होता. याला कसं आठवलं?"

"आठवलं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "चहा सांडला."

आजोबांना काही कळलं नाही. ते काठी टेकत स्टेजकडे गेले. तो धावत खाली आला, आणि भर सभागृहात बापाने लेकाला मिठी मारली. ती मागच्या दाराने हळूच निघून गेली.

सोमवारी तीनला दार वाजलं.

"टिंब काढायचंय?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मग पानं?"

"आणली नाहीत."

"मग आलात कशाला?"

"चहा प्यायला," तो म्हणाला. मग ओल्या केसांतून हात फिरवत, अडखळत... "म्हणजे... रोजच यावं म्हणतो. कारण नसताना. तुमची आठवण येते, आणि त्याला पान लागत नाही."

मामांना अचानक गोदामात काम आठवलं. तिने उठून चहा गाळला.

"दोन चमचे ना तुला?"

तो हसला. "तुला?"

तिने जीभ चावली. "चुकून आलं... खोडू?"

"नको," तो म्हणाला. "राहू दे."