दर्भाचा कावळा

रुचा, ते बेसमेंटचं दार लोटून घे. ईशान, फोन खिशात. तुमच्या हॅलोविनची भुतं दुकानात मिळतात, हे तसलं नाही. इथून तीन घरं सोडून राहायचा ना सत्यजित, त्याचं आहे. त्यानं स्वतः मला सांगितलं. कुठे सांगितलं, ते शेवटी.

२०२४ साल. पंधरा नोव्हेंबर, शुक्रवार. सत्यजित ऑफिसातून लवकर निघाला, इंडियन स्टोअरमधून तांदूळ आणि काळे तीळ घेतले आणि गाडी दक्षिणेला लावली, मिसिसिपीकडे. काम साधंच होतं. बायकोचं वर्षश्राद्ध.

हिमानी तिचं नाव. स्टेट कॉलेजला दोघं एकत्र शिकले, कॅम्पसच्या बसची वाट बघता बघता जमलं. जोडा असा की तुमची काकू उठल्याबसल्या मला त्यांचे दाखले द्यायची. आदल्या वर्षी दोघं मिसिसिपीतल्या एका जुन्या हवेलीत राहायला गेले. पांढरे खांब, ओकच्या झाडांना लोंबणारं करडं शेवाळ. हल्ली तिथे पाहुणे उतरतात. पहिल्याच रात्री वरच्या गॅलरीचं कुजलेलं रेलिंग तुटलं आणि हिमानी खालच्या विटांच्या अंगणात पडली. शेरीफनं अपघात लिहिला. फाइल बंद.

दहाव्याला मी होतो. आपल्या नदीकाठी, बोटं वाकत नव्हती इतकी थंडी. तुम्हा पोरांना ठाऊक नसेल, पिंड ठेवायचा आणि कावळा शिवायची वाट बघायची. नाही शिवला, तर गेलेल्याचं काहीतरी राहिलंय. मग एकेक वचन द्यायचं. नेमकं ते बोललं की कावळा येतो. सत्यजितनं सगळं बोलून पाहिलं. झाडावर पंधरा-वीस कावळे, एक हलेना. अडीच तास झाले. व्हिडिओ कॉलवर पुण्याचे गुरुजी जांभया देत होते, तिकडे मध्यरात्र झालेली. म्हणाले, "दर्भाचा कावळा करा आणि शिववा. चालतं."

दर्भ मीच वळला. अमेरिकेत आपण सगळंच ॲडजस्ट करतो, तेही केलं. चूक माझी.

त्या रात्रीपासून सुरू झालं. सकाळी उठला की हिमानीच्या बाजूची रजई गरम. रोज. तो सोफ्यावर झोपायला लागला, तर तिथेही पाठीशी ऊब. वर्षभरात पोरगा निम्मा झाला. त्यात दर रविवारी नागपूरहून सासूबाईंचा फोन, आणि प्रश्न एकच.

"पडताना काही म्हणाली का रे?"

"काही नाही, आई."

असा जेरीला आलेला माणूस शनिवारी दुपारी त्या हवेलीत पोचला. मालकीण मिस कॅरोलाइन, ऐंशीच्या पुढची. तिनं किल्ली पुढे केली. "ते रेलिंग मी वेळेवर बदलायला हवं होतं," म्हणाली आणि रडायला लागली. वर्षभर ती बाई स्वतःला खुनी समजत होती. हा तिचा हात थोपटत म्हणाला, "इट्स ओके."

तिच्याच किचनमध्ये त्यानं एक कप तांदूळ शिजवला. एक पिंड वळला, वर तीळ घातले, आणि अंगणात विटांवर पानावर ठेवला. साडेचार वाजले होते. ओकवर कावळे होते.

"तुझ्या आईला अंतर देणार नाही."

कोणी हललं नाही.

"दुसरं लग्न करणार नाही, हिमा."

नाही.

"घर विकतो, नागपूरला जातो. त्यांच्यापाशी राहतो."

पाच वाजता सूर्य गेला. कावळे उठले, एकेक करून झोपायच्या जागी निघून गेले. एक राहिला. काळोख इतका दाट झाला की तोही दिसेना. फक्त पंखांची फडफड यायची, मधून मधून.

मग वर... गॅलरीतली फळी वाजली.

त्यानं मान वर केली नाही.

पुन्हा वाजली. रेलिंगपाशी. आणि त्याच्या पाठीला ऊब लागली. उघड्या अंगणात, त्या थंडीत...

"काय हवंय तुला? सांग ना. हात जोडतो, हिमा..."

ऊब तशीच.

सगळी वचनं देऊन झाली होती. एक सोडून. ते दहाव्यालाही त्याच्या तोंडात होतं. मी शेजारी उभा होतो, मला कळलं नाही.

"तू म्हणालीस, मी नागपूरला परत चाललेय. एकटी." त्याचा आवाज फुटला. "मला सहन नाही झालं. रेलिंग... आपोआप नाही तुटलं. मी ढकललं तुला. सांगतो. सगळ्यांना सांगतो. आईंनाही."

अंधारात काहीतरी खाली उतरलं.

पानावर टोच वाजली. एकदा.

पाठीची ऊब गेली.

किचनच्या दारात मिस कॅरोलाइन दिवा घेऊन उभी होती. तिला मराठी कुठून कळणार? त्यानं तेच पुन्हा इंग्लिशमध्ये सांगितलं आणि पायरीवर बसून राहिला, पोलीस येईपर्यंत.

हे मला तो तुरुंगात बोलला, काचेपलीकडून. "आता झोप लागते, काका," म्हणाला. मला त्याचा राग आला होता, अजून आहे. तरी त्याला झोप लागते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण पोलिसांनी त्या रात्री अंगणाचे फोटो काढले होते. वकिलानं मला दाखवले. सत्यजित शपथेवर सांगतो, तांदूळ एक कप, पिंड एकच वळला.

फोटोत पानावर पिंड दोन आहेत. एक टोचलेला.

दुसरा शेजारी. तान्ह्या बाळाच्या हातानं वळलेला, इवली बोटं उमटलीत त्यावर. त्या रात्री हिमानी एकटी पडली नव्हती. तीळही घातलेत... आणि त्याला अजून कोणी शिवलेलं नाही.