क्लीनर साइडचा फेंडर आणि चिमूटभर साखर

"धरा! दोन्ही बाजूनं धरा! मी म्हणलं की ओढा!" चन्नूमामा ओरडला.

कावेरीने इकडून धरलं, केदारने तिकडून. मामाने साच्याच्या कडेला लाकडी पाचर ठोकली.

"ओढा!"

कर्रर्र!

आवाजावरूनच तिघांना कळलं. फेंडर निघाला, पण अर्धाच. उरलेला साच्याला चिकटून बसला होता. फाटलेल्या कडेला फायबरच्या दशा लोंबत होत्या.

"परत?" केदार म्हणाला.

मामा उलट्या बादलीवर बसला आणि हातातली पाचर बघत राहिला.

कावेरी आणि तिचा धाकटा भाऊ केदार घाटनांदूरहून सुट्टीला चौसाळ्यात आले होते. मामाचं हायवेला लागून पत्र्याचं शेड. गाड्यांचे पत्रे सगळेच ठोकतात, पण मामा वेगळंच काम करायचा. जुन्या स्पोर्ट गाड्यांना रुंद फेंडर बनवायचा. फेंडर म्हणजे चाकावरचं मडगार्ड. चाकं जाड टाकली की ती मडगार्डच्या बाहेर येतात, मग मडगार्डही रुंद लागतं. आधी मामा त्याचा साचा करायचा. चिकटू नये म्हणून साच्याला आतून मेण लावायचं, मग फायबरची चटई अंथरायची, वर डिंकासारखं रेझिन चोपडायचं, वाळलं की ओढून काढायचं. बस! मोबाइलवर बघून बघून शिकला होता सगळं.

शेडमध्ये निळी सेडान उभी होती. वीस वर्षांची असेल. ड्रायव्हर साइडचा फेंडर बसवलेला, एकदम झकास, त्यावर गरम हवा बाहेर जायला तीन तिरप्या फटी. क्लीनर साइडला, म्हणजे डाव्या बाजूला, नुसतं भगदाड. त्या बाजूचा फेंडर चिकटून फाटायची ही दुसरी वेळ.

"चन्नू, झालं का बे?" दारातून आवाज आला. गाडीचे मालक अमरसिंहकाका. शेजारीच राहायचे. एक हात पोटावर दाबून आत आले आणि फाटका फेंडर बघून त्यांचा चेहराच पडला.

"चिकटला," मामा म्हणाला.

"परत? गाड्यांच्या मेळाव्याला येतो म्हणून साऱ्या पोरांना सांगून बसलोय मी! हे बघ, ह्या खेपेला न्हाई निघाला तर गाडी पुण्याच्या गॅरेजला टाकतो."

"पोटाला काय झालं काका?" कावेरीने विचारलं.

"काय न्हाई गं. लई दिस झाले, नुसतं गुडगुडतंय. ऊन बाधलं असंल."

ते गेले. मामा भिंतीकडे बघत होता. तिथे खिळ्याला त्याची बॅग टांगलेली होती. कपडे भरलेली.

"मामा, ती बॅग कावून भरून ठेवलीय?" केदारने विचारलं.

"चाकणला. दोस्तानं कंपनीत जागा बघून ठेवलीय." मामाचा आवाज अगदी खाली गेला होता. "ही गाडी गेली की शेड बंद. माझा हातच गेलाय रे पोरांनो. मेण तर नीट लावतो. मग चिकटतं कावून?"

दोघं भावंडं बॅगेकडे बघत राहिली. शेडच नसेल तर चौसाळ्यात यायचं कशाला? मामाशिवाय सुट्टी म्हणजे काय?

दिवसभर दोघांनी साचा खरवडला. फायबरची धूळ अंगाला लागली की कुसळं टोचल्यासारखी खाज येते. कोपरं, मान, सगळीकडे. पंखा गरम वारा फेकत होता. ट्रक गेला की धुरळा आत. बोलायचंही त्राण नव्हतं.

"ताई," केदार अचानक म्हणाला, "मुंग्या बघ."

साच्याच्या एका कोपऱ्यात, जिथे फायबर पोचलं नव्हतं, मुंग्यांची रांग लागली होती. कावेरीने बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"साखर!"

"साखर? साच्यात?"

तेवढ्यात राजनंदिनी आली. अमरसिंहकाकांची पुतणी, कावेरीच्याच वयाची. हातात डबा.

"कावून तोंडं पाडून बसलाव?"

कावेरीने साखर दाखवली. केदार उठूनच उभा राहिला. "कुणीतरी मुद्दाम टाकतंय! डिझेलच्या टाकीत साखर टाकतात ना, तसं! मामाचा दुश्मन हाय कुणीतरी!"

"साखरंनं फायबर चिकटतो व्हय रे, शहाण्या?" राजनंदिनी हसली. "खा पापडी, डोकं चालंल."

डब्यात साबुदाण्याच्या पापड्या होत्या. अर्ध्या वाळलेल्या, चिवट. अशाच लई भारी लागतात! केदारने एक तोंडात टाकली, लगेच दुसरी उचलली. तोंडाशी नेली आणि थांबला.

"ही वाकडी कावून हाय?"

"घरची हाय, दुकानातली न्हाई."

"आन् ह्या तीन रेघा?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. केदारने पापडी साच्यात ठेवली. जिथे फटींचे तीन उंचवटे होते, नेमकी तिथे. पापडीच्या तीन रेघा तीन उंचवट्यांवर चपखल बसल्या. वाकसुद्धा तसाच!

"थू!" केदारने आधी खाल्लेला घास तिथेच थुंकला.

राजनंदिनीचा चेहरा उतरला. "आजीनं केल्यात ह्या."

मामाला सांगितलं तर तो बाजेवर आडवाच झाला. "अमरसिंहच्या आईवर, केसरकाकूवर आळ घेऊ? एका पापडीवरनं? गाडी त्येंच्याच घरची हाय. जाऊ द्या. मी दमलोय."

बाहेर येऊन कावेरी म्हणाली, "डोळ्यानं बघितल्याबिगर कुणी मानायचं न्हाई."

राजनंदिनी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "माझी आजी हाय ती."

"आन् तो आमचा मामा हाय."

राजनंदिनीने उकरलेली माती पायाने सारखी केली.

"बरं," राजनंदिनी शेवटी म्हणाली. "पण ओरडायचं न्हाई तिला. काकालाच दाखवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने साच्याला परत मेण लावलं. खाली हायवेची धूळ बसते, म्हणून साचा नेहमीसारखा घराच्या स्लॅबवर नेऊन ठेवला. फायबर संध्याकाळी लावायचं. दुपारी लावलं तर उन्हाने रेझिन डब्यातच जमून जातं. मग मामा झोपला. सगळं चौसाळं झोपलं.

पोरं पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसली. स्लॅब तव्यासारखा तापलेला. घाम डोळ्यांत जात होता. केदारचं डोकं पेंगून टाकीवर आपटलं. टण्ण!

"गप!" कावेरी फुसफुसली.

दोन्ही घरांच्या मधल्या बुटक्या कठड्यावरून एक पातेलं अलीकडे आलं. मागून केसरबाई! डोक्यावर पदर, हातात पळी. साच्याजवळ बसल्या आणि पळीपळीने पापड्या घालायला लागल्या. शांतपणे, काहीतरी गुणगुणत.

"पळ!" कावेरी म्हणाली.

राजनंदिनी जिना उतरून धावली. "काका, चला वर! तुमचा फेंडर मोकळा झालाय!"

"निघाला? खरंच?" अमरसिंहकाका बनियनवरच उठले. अनवाणी स्लॅबवर आले आणि नाचायलाच लागले. "आयाया! भाजलं!" तोवर कावेरीने मामाला हाताला धरून वर आणलं होतं.

काकांनी समोर बघितलं आणि नाचायचे थांबले.

"आई? काय करायलीस?"

"वरडू नको! पापड्या मोडतील," केसरबाई म्हणाल्या. "लई चांगली परात हाय ही. कायच चिकटत न्हाई."

"आई, ती परात न्हाई! माझ्या गाडीचं मडगार्ड हाय ते!"

केसरबाईंची पळी हवेतच राहिली.

मामा साच्याजवळ बसला. "काकू, मेणामुळं चिकटत न्हाई. मेण लावून मीच ठेवतो ना. पण पापड्या काढल्यावर तुमी काय करता?"

"काय करता म्हंजी? राखंनं घासून लख्ख करते! दुसऱ्याची वस्तू हाय, खरकटी ठेवीन व्हय?"

मामाने कपाळाला हात लावला. सगळं मेण राखेने जात होतं, म्हणून फायबर चिकटत होतं.

"मग ती साखर?" केदारने विचारलं.

"दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करतात का रे? चिमूटभर साखर टाकून ठेवते मी. मला वाटलं, चन्नूला कळंल."

"आन् ह्या पापड्या रोज तळून मला घातल्यास?" अमरसिंहकाकांनी पोट धरलं. "म्हंजी एवढे दिस मी गाडीचं मेण खाल्लं!"

आधी केदार फिसकन हसला. मग राजनंदिनी. मग दमलेला मामासुद्धा. केसरबाई मात्र हसल्या नाहीत. पातेलं खाली ठेवून म्हणाल्या, "चन्नू, मी तुझं काम बिघडवलं रे. इचारायला पायजे होतं. सगळ्या पापड्या टाकून देते."

"मी बी सांगायला पायजे होतं काकू. उघडाच ठेवून झोपायचो."

मामाने साचा धुतला, सुकवला आणि नव्याने मेण लावलं. ह्या खेपेला अमरसिंहकाका स्वतः छत्री घेऊन साच्याच्या राखणीला बसले. संध्याकाळी ऊन उतरल्यावर फायबर लावलं. दुसऱ्या दिवशी सगळे शेडमध्ये जमले, केसरबाईसुद्धा. मामाने पाचर ठोकली.

"ओढा!"

टप्प!

अख्खा फेंडर हातात आला. आरशासारखा चकचकीत, तीन फटींचा! मामा नुसता त्यावरून हात फिरवत राहिला. ओरडायची ताकद कुणातच नव्हती. केदारने एकट्याने टाळ्या वाजवल्या.

"गाडी कुठं न्यायची न्हाई आता," अमरसिंहकाका म्हणाले. "चन्नू, मागचे दोन्ही फेंडर बी तूच कर. आन् पोरांनो, तुमी नसता तर मी मेण खाऊनच मेलो असतो!"

"ह्या पोरीनं माझ्यावरच पाळत ठेवली," केसरबाईंनी राजनंदिनीचा कान धरला आणि लगेच सोडून डोक्यावरून हात फिरवला. "चांगलं केलंस."

सुट्टी संपली. केसरबाईंनी घाटनांदूरला न्यायला नव्या पापड्या दिल्या, लुगड्यावर वाळवलेल्या, अगदी सपाट.

"एवढ्या न्यायच्या कशात?" कावेरी म्हणाली.

मामाने खिळ्यावरची बॅग काढली. आतले कपडे बाजेवर ओतले आणि बॅग झटकून केदारकडे दिली. देता देता थांबला. चहाच्या डब्यातून चिमूटभर साखर घेतली आणि आत टाकली.

"रिकामी देऊ नये," मामा म्हणाला आणि कपड्यांच्या त्या ढिगावरच डोकं टेकून झोपून गेला.