लांबट पेशी

वडिलांकडून त्याला वारशात जमीनजुमला मिळाला नाही. लांबट पेशी मिळाल्या. इतरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी वाटोळ्या, याच्या काकडीसारख्या. त्रास काही नव्हता. बावीस वर्षं लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तो लोकांच्या पेशी मोजत आला होता. स्वतःसारखं रक्त त्याला कधी भेटलं नव्हतं.

मेहुण्यानं एक डबी बनवली, साबणाच्या वडीएवढी. तिला भिंगच नव्हतं. वर दिवा, खाली कॅमेऱ्याची चकती, मध्ये रक्ताचा थेंब.

"दाजी, ही फोटो नाही काढत. पेशींची सावली घेते, सावलीवरून मोजते."

सावलीवरून माणूस ओळखू येत नाही आणि ही पेशी ओळखणार, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बायकोचा भाऊ म्हटल्यावर निम्मे विनोद गिळावे लागतात.

डबीला शिकवायला रक्त हवं होतं. सहा महिने रोज सकाळी त्यानं डाव्या हाताच्या मधल्या बोटाला सुई टोचली आणि ही तांबडी, ही पांढरी, असं तिला बाराखडीसारखं घोटून घेतलं. डबी इथंच राहील, तुमच्या हाताखाली, असा मेहुण्याचा शब्द होता. एकदा जेवताना सहीसाठी कागद पुढं आला. पेन बायकोनं आणून दिलं. घरचाच माणूस, वाचायचं काय?

डबी चाळीस लॅबमध्ये गेली. महिनाअखेरीनंतर तुम्ही आता आराम करा, असं लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला फार गोड शब्दांत सांगितलं.

त्याच आठवड्यात डबीनं एका कुरिअरवाल्याच्या रक्तात लांबट पेशी दाखवल्या. मग एका शिक्षिकेच्या. मग हुबेहूब जुळ्यांपैकी एकाच्याच. त्याला बरंच वाटलं. माझ्या रक्तावर शिकली, आता जिथं तिथं तिला मीच दिसतो! ही चूक दाखवली की नोकरी वाचली. पुरावा म्हणून त्यानं तीच रक्तं सूक्ष्मदर्शकाखाली घातली.

काकड्या. सगळ्या टवटवीत.

मग स्वतःचं रक्त घातलं. काचपट्टी कोपऱ्या-कोपऱ्यानं धुंडाळून सगळ्या मिळून अकराच पेशी सापडल्या.

त्यानं मेहुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं, डब्या बंद कर म्हणाला.

"दाजी, कागदावर लिहिलं होतं की."

"काय?"

"मूळ नमुना कायमचा दिला म्हणून."

फोनमध्ये मागून बायकोचा आवाज आला. "त्यांना म्हणावं, जेवून घ्या."

ती भावाकडं कधी गेली, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं पुन्हा मधल्या बोटाला सुई टोचली. थेंब आला. लालच होता. डबीत ठेवला.

पडद्यावर अक्षरं आली : नमुना ठेवा.

दुसरा थेंब ठेवला.

नमुना ठेवा.

खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. त्यानं डावा हात उन्हात धरला आणि सवयीनं बोटं मोजली. पाच.

मग टेबलावरच्या सावलीची मोजली.

चार. मधल्या जागी नुसतं ऊन होतं.